नथू तांडेलचा घरातला दर्या

चपला घालून घराबाहेर पडलं की चपलेत वाळू जायच्या आत समुद्र लागतो, अशा जागी आम्ही राहतो. डहाणूशेजारी नरपडला. आणि अशा जागी राहून नथू तांडेल बादलीत समुद्र बनवतो. हो, बनवतो. गाळलेलं गोडं पाणी घ्यायचं, त्यात वापीहून आणलेलं मिठाचं पुडकं रिकामं करायचं, लाकडी दांडक्याने वल्हवल्यासारखं ढवळायचं, मग करंगळी बुडवून जिभेला लावायची आणि डोळे मिटायचे. देवळात तीर्थ घेताना हा माणूस इतके डोळे मिटत नाही.

"अजून कच्चा आहे, वहिनी," मला सांगतो. "दर्या असा लागत नाय."

मी वहिनी, कारण आमच्या ह्यांची आणि त्याची बालपणापासूनची दोस्ती. हे गेले, दोस्तीतली वहिनी तेवढी राहिली. माझी चिकूची वाडी संपते तिथे त्याच्या घराचं मागचं दार. त्यामुळे त्या घरात काय शिजतं, काय करपतं आणि कोण कोणावर ओरडतं, हे मला रेडिओ न लावता कळतं.

तांडेल म्हणजे बोटीचा प्रमुख. जाळं कुठे टाकायचं, कधी ओढायचं, वारा फिरला तर परत कधी फिरायचं, सगळा त्याचा शब्द. नथूने चाळीसेक वर्षं हा शब्द चालवला. मग मागल्या वर्षी छातीत कळ आली, शहरात नेऊन दोन स्प्रिंगा बसवल्या, आणि डॉक्टरने तीन गोष्टी बंद केल्या: विडी, मीठ आणि बोट. विडी त्याने दवाखान्याच्या पायरीवरच सोडली. मिठावरून महिनाभर कुरकुर केली. बोटीबद्दल मात्र एक अक्षर बोलला नाही. पुतण्याला, भरतला बोलावलं, बोट त्याच्या हातात दिली, आणि दुसऱ्या दिवसापासून ओटीवर समुद्राकडे पाठ करून बसायला लागला. चहा दिला की प्यायचा, नाही दिला तर मागायचा नाही.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता हा असाच बसणार. होळीच्या सुमाराला भरतने त्याला मोबाईल घेऊन दिला, आणि त्या मोबाईलमध्ये कुठल्याशा पोराचा व्हिडिओ लागला. घरात खाऱ्या पाण्याची काचपेटी कशी करावी, नवशिक्याला काय काय सामान लागतं. नथूने तो व्हिडिओ इतक्यांदा लावला की त्या पोराचं 'हेलो दोस्तो' माझ्या मांजरालासुद्धा पाठ झालं.

आता त्याची बायको हिराबाय. डहाणूच्या बाजारात ती मासळी विकते. तिच्या पाटीपुढे उभं राहून 'ताजी आहे का' असं विचारायची गिऱ्हाइकाची छाती होत नाही. गुडघे गेलेत, पण आवाज शाबूत आहे. ओटीच्या आतल्या खोलीत खिडकीखाली जी जागा, तिथे तिला बर्फाची मोठी पेटी ठेवायची होती. उरलेली मासळी घरीच ठेवता येईल, दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदरावर पाय ओढत जायला नको. नेमकी तीच जागा नथूने काचपेटीसाठी मोजली.

भांडण झालं. ते मी सगळं ऐकलं, पण छापण्यासारखं त्यातलं फार थोडं आहे. शेवटी हिराबाय म्हणाली, "नारळी पुनवेपर्यंत देते तुला. पुनवेला त्या काचेत जिता मासा मला दिसला तर पेटी राहील. नाय दिसला तर ती जाईल मागच्या अंगणात आणि मी तिच्यात कोंबड्या ठेवीन."

"मंजूर," नथू म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याचा तो बोटीवरचा आवाज ऐकला मी.

काचपेटी केली आशागडच्या एका माणसाने. तो खरा अल्युमिनियमच्या खिडक्या बसवणारा. पण नथू त्याच्या डोक्यावर उभा राहिला आणि सांगत सुटला, फट अशी बुजव, चिकट इथे भर, अंगठा असा फिरव. त्या माणसाने दोनदा विचारलं, "काका, आतून लावायला नको का?" नथू त्याला म्हणाला, "किती बोटी बांधल्यास तू?" बिचारा नथू म्हणेल तिथे अंगठा फिरवायला लागला. पेटी झाली, दिसायला देखणी. सगळी आळी बघायला जमली. नथूने होसपाइप लावला, पाणी चढलं, आणि चारही कोपऱ्यांतून अशा काही धारा लागल्या की हिराबायने शांतपणे उठून वाळत घातलेले बोंबील उचलून घेतले.

झालं होतं असं, की नथूने सगळ्या फटी बाहेरून बुजवून घेतल्या होत्या. बोटीच्या बाहेरूनच बुजवतात. जन्मभर पाणी आत येऊ नये म्हणून जागलेला माणूस तो. पाणी बाहेर जाऊ नये, असाही एक प्रश्न जगात असतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. आळी हसली. मीसुद्धा हसले, खोटं कशाला सांगू. नथू पेटीभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "बोट म्हणून चांगली आहे. उलटी वापरायची तेवढी." दुसऱ्या दिवशी आशागडचा माणूस आला, आतून भरून गेला, आणि कोण काय म्हणालं ते दोघांनीही काढलं नाही.

मग पाणी. पाणी फुकट, दर्या दारात, अशी त्याची पहिली समजूत. भरतीला टेम्पोतून पिंप नेऊन भरून आणलं. पेटीत ओतलं तर दुधाच्या चहासारखं. म्हणाला, बसेल गाळ. गाळ बसला, चांगला बोटभर बसला, आणि त्यातून एक चिंबोरी निघाली. तिने रात्रीतून नांग्यांनी रबराची नळी कुरतडली. हिराबायने तिला धरलं आणि दुपारी कालवणात घातलं. "तुझ्या पेटीचा पहिला हप्ता," म्हणाली.

तिथून दारातलं पाणी बंद आणि वापीच्या फेऱ्या सुरू झाल्या. तलासरीपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. वापीला त्या काचपेट्यांचं दुकान आहे, दुकानदार गुजराती, शांत माणूस. नथूला रोज घाई. दुकानदाराचं एकच उत्तर, "काका, उतावळ नहीं करवानी. पहले पानी पकने दो." नथूने त्याचं स्वतःच्या भाषेत करून घेतलं. कोणी विचारलं, अहो तांडेल, मासा कुठे, की हा म्हणणार, "आधी बोट, मग मासा." पोस्टमन असो, भरत असो, नाहीतर सत्यनारायणाला आलेले गुरुजी. "आधी बोट, मग मासा."

आणि बोटच ती त्याच्या लेखी. पाणी फिरवायचा पंप, त्याला हा इंजिन म्हणतो. इंजिनं दोन, कारण एकाच इंजिनावर बाहेर पडू नये. वीज गेली तर म्हणून भरतच्या बोटीवरची जुनी बॅटरी आणून खाली ठेवली. फेस काढणारं एक नळकांडं असतं, पाण्यातली घाण फेसाबरोबर वर चढते आणि वाटीत पडते. त्याचं काहीतरी इंग्रजी नाव आहे. नथू त्याला खलाशी म्हणतो. "सगळ्यात खालचं काम करतो, आणि तोच नसला तर बोट नासते," असं मला समजावून सांगितलं. दुकानदाराने पाणी कोमट ठेवायचं हीटरही घ्यायला सांगितलं होतं. वैशाखातल्या डहाणूत. नथूने त्याच्याकडे असं पाहिलं म्हणे, की त्या माणसाने हीटर परत फळीवर ठेवला. उलट आपल्याकडे पाणी तापतं म्हणून त्याने घरातला एकुलता एक टेबलफॅन उचलून पेटीवर वारा लावला.

हिराबाय चुलीपाशी घाम पुसत होती. "माशाला पंखा," मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "आणि मला पदर. बरं, मासा तरी कुठंय."

"आधी बोट," आतून आवाज आला.

"हां. आणि मग कोंबडी."

मिठाचं प्रकरण यात सगळ्यात नाजूक. एक तर दर्याकाठच्या तांडेलाने मीठ विकत आणून दर्या करायचा, ही लाज. पुडकी तो चिकूच्या खोक्यात घालून आणायचा, वर चार चिकू ठेवायचा. त्यात डॉक्टरने मीठ बंद केलेलं. करंगळी जिभेला लावली की हिराबाय कुठूनही हजर. "पाणी चाखतोस की मीठ खातोस?" मग तिने नियमच केला. चाखायचं असेल तर तिच्यासमोर, आणि लगेच चूळ भरायची. ती साध्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी राहायची. हा चाखणार, डोळे मिटणार, "झाला, दर्या झाला" म्हणणार, आणि ती म्हणणार, "थुंक."

पुढे दुकानदाराने खारटपणा मोजायचं यंत्र दिलं, काटा असलेलं. त्यात बघितलं तर नथूचा दर्या निम्मासुद्धा खारट नव्हता. तो बराच वेळ काट्याकडे बघत राहिला. यंत्र हलवून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग मला म्हणाला, "वर्षभर अळणी खाल्लं ना वहिनी. जीभ बिघडवली डॉक्टरने. जराशा मिठाने सगळं खारट लागतं." त्यानंतर त्याने चाखणं काही सोडलं नाही, पण यंत्राकडे चोरून बघून मग डोळे मिटायला लागला.

पाणी पिकायचं म्हणजे काय, हे मला अजून नीट कळलेलं नाही. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढावे लागतात म्हणे, ते माशाची घाण खातात. आणि ते वाढावेत म्हणून आधी काहीतरी कुजवावं लागतं. व्हिडिओतला पोरगा एक कोलंबी टाकतो. नथूनेही टाकली, चांगली सोलायला घ्यावी अशी. आता सांगा, मासळीवर पोट असलेल्या घरात कोलंबी मुद्दाम कुजवायची. हिराबाय बाजारातून आली, वासाने तिचं नाक ताठ झालं, आणि नथू झोपलेला बघून तिने ती काढून मांजराला घातली. नथूने दुसरी टाकली. ती गेली. तिसरी टाकून तो पेटीशी पहाऱ्याला बसला.

"कोलंबी फुकट घालवणारा माणूस या घराण्यात जन्मला नव्हता," हिराबाय म्हणाली.

"ती फुकट नाय गेली. ती कामाला लागली."

"मेली आहे ती."

"म्हणूनच."

 हिराबायने पदर नाकाला लावला आणि पाटी धुवायला घेतली.

मग पाणी पिकलं की नाही, ते बघायच्या नळ्या आल्या. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, येईल तो रंग कागदावरच्या रंगांशी ताडून बघायचा. नथूची नजर लांबची, रंगात कच्ची. तो नळी घेऊन माझ्या दारात. "वहिनी, हा कुठला?" मी बघितलं, म्हटलं, "शेवाळी." दुसऱ्या दिवशी म्हटलं, "मेंदी." पुढे "पोपटी", मग "मोतिया." कागदावर रंगांपुढे नुसते आकडे होते, त्यात मेंदीही नव्हती आणि मोतियाही नव्हता. तर ह्या माणसाने फोन करून दुकानदाराला सांगितलं, "शेठ, आधी मेंदी होतं, आज मोतिया आलंय." त्याने तिकडून दोनदा 'मोतिया?' विचारलं म्हणे. मग दुकानदार म्हणाला, "आवी जाव, काका." या म्हणून.

नारळी पुनव जवळ आली होती. नथू वापीहून मासा घेऊन आला तो दिवस मी विसरायची नाही. एकच मासा, करंगळीएवढा, केशरी अंगावर पांढरे पट्टे. पाण्याने आणि हवेने फुगवलेल्या पिशवीत. तलासरीच्या स्टँडवर ती पिशवी मांडीवर घेऊन, वर छत्री धरून बसला होता म्हणे. शेजारच्या बाईने विचारलं, "बाबा, हा एवढाच? पुरेल का घरात?" नथू म्हणाला, "पुरवून पुरवून बघू." हे मला त्याने तीनदा सांगितलं, इतकं ते त्याला स्वतःलाच आवडलं होतं.

पिशवी पेटीत तरंगत ठेवली, मग हळूहळू पाणी मिसळलं, मग सोडला. मासा सुळकन दगडामागे गेला आणि गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. टाकलेलं खाणं संपायचं, एवढीच काय ती खूण. नथू काचेला नाक लावून बसायचा. टॉर्च मारायचा. मी म्हटलं, "अहो, जरा लांब बसा. तुमचं एवढं तोंड बघून मीसुद्धा दगडामागे गेले असते." त्याला ते जमेना. शेपटीचं टोक दिसलं की उठून पुढे जायचा, टोक गायब.

हिराबायने अंगणात कोंबड्यांसाठी जागा झाडून ठेवली.

पुनवेच्या सकाळी मी नारळीभाताचा डबा घेऊन गेले. नथू पांढरा सदरा घालून पेटीपुढे बसला होता. बाहेर ताशा वाजत होता. भरत दारात आला. "काका, चला. नारळ तुम्हीच सोडायचा."

"बोट तुझी आहे."

"बोट असू दे. माझ्या हातून पहिला नारळ गेला तर लोक काय म्हणतील? चला."

नथू हलेना. मग हिराबाय म्हणाली, "जा. मी बसते हिथं."

"तू कोंबड्या आणशील."

"सूर्य मावळेपर्यंत पुनवच असते. जा गुमान."

तो गेला. मला आठवतं, उंबऱ्यावर जरा थांबला, मग समुद्राच्या दिशेने चालायला लागला. आजारपणानंतर त्या वाटेने तो पहिल्यांदाच जात होता.

आम्ही दोघी राहिलो. हिराबायचे गुडघे सुजले होते म्हणून ती मिरवणुकीला गेली नव्हती. पाय पसरून चटईवर बसली आणि मला तिच्या भाचीच्या सासूचं गाऱ्हाणं सांगायला लागली. गाऱ्हाणं मोठं होतं, सासूने साखरपुड्यात काय केलं तिथपर्यंत आलं, आणि बोलता बोलता हिराबाय मध्येच थांबली.

मासा बाहेर आला होता.

हा सुळसुळ पोहत नाही. सगळं अंग हलवत, डुलत डुलत येतो, नुकतं चालायला शिकलेलं मूल कसं येतं तसं. काचेपर्यंत आला आणि थांबला. आम्ही दोघी श्वास रोखून.

"गालफड हलतंय गो," हिराबाय कुजबुजली.

"कल्ले हलणारच की. श्वास घेतोय."

ती आपल्या बोटांकडे बघायला लागली. मग म्हणाली, "हजारो उघडली असतील या बोटांनी. गिऱ्हाइकाला आतलं लाल दाखवायला. ते आपलं आपण उघडतं, हे नव्हतं ठाऊक मला."

मासा एक फेरी मारून परत आला. हिराबायने पदर सावरला, जसा कोणी मोठं माणूस घरात आल्यावर सावरतात. थोड्या वेळाने मला म्हणाली, "बर्फाची पेटी मागच्या पडवीत मावेल, नाय?"

"मावेल," मी म्हटलं.

नथू आला तेव्हा त्याच्या पायाला ओली वाळू होती. दारातून त्याची सावली पडली आणि मासा दगडामागे गेला. हिराबाय म्हणाली, "आला होता."

मला वाटलं, आता हा म्हणणार, बघितलंस, बोललो होतो ना. पण तो तिच्यासमोर उकिडवा बसला, पेटीकडे पाठ करून. "कसा चालतो?" त्याने विचारलं.

"कसा म्हणजे? जन्म दर्यावर काढलास, मला काय विचारतोस?"

"दर्यावर काढला." नथूचा आवाज बारीक झाला होता. "दर्यात काय दिसतं आपल्या? सगळं गढूळ. जाळं वर येतं तेव्हा मासा दिसतो, आणि तेव्हा तो मरायलाच लागलेला असतो. एवढे मासे मारले हिरे, एक चालताना बघितला नाय. बोटीवरून उतरवलं तेव्हा हेच डोक्यात आलं. आता राहूनच गेलं."

"मग सांगायचं होतंस. कोंबड्या कोंबड्या करत होते मी."

"कसं सांगू? तांडेल म्हणतात मला."

हिराबायने त्याच्याकडे पाहिलं. मग उजवा हात पुढे केला. सुरीच्या जुन्या वणांनी भरलेला हात. बोटं जुळवली, मनगट सैल सोडलं आणि हवेत डुलवत डुलवत पुढे नेला. मध्ये थांबवला, जरासा वळवला, पुन्हा डुलवला. "असा," ती म्हणाली. "आणि हिथं असा थांबतो." नथू त्या हाताकडे बघत होता. त्याची मान हाताबरोबर फिरत होती.

त्याच्या पाठीमागे, काचेत, मासा परत बाहेर आला होता. मला दिसत होता. मी सांगितलं नाही.